विहिरीकडचं कलम आणि मांगराकडचं कलम

राजापूर तालुक्यात माझ्या मामाची अकरा कलमं आहेत. कलमं म्हणजे हापूस. आमच्याकडे नुसतं ‘झाड’ म्हटलं तर ते रायवळाचं, म्हणजे बाठ्यातून उगवलेल्या आंब्याचं समजायचं. आजोबांनी 1976 साली कातळात सुरुंग लावून खड्डे मारले, बाहेरून माती आणून भरली आणि पावसाच्या तोंडावर भेटकलमं, म्हणजे रोपाला हापूसची फांदी जोडून केलेली कलमं लावली, 25 फुटांवर एक. हापूसला 10 मीटर, म्हणजे जवळपास 33 फूट अंतर सांगतात. पण हातभर रोपाभोवती एवढी मोकळी जागा सोडणं त्या वेळी कुणालाही उधळपट्टीच वाटली असती. त्या आठ फुटांची वसुली चाळीस वर्षांनी सुरू झाली.

2018 साली बागेत शिरलं की भर दुपारी काळोख. कलमं 40-45 फुटांवर गेलेली, फांद्या एकमेकींत घुसलेल्या, आतल्या काड्या सावलीनं वाळून गळायच्या. आंबा लागायचा तो फक्त छपरावर. फवारणीचा पंप तिथवर पोचायचा नाही, त्यामुळे मोहोरावर तुडतुड्यांचं राज्य. झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळी लावलेली काठी, घेऊन एवढ्या उंच चढणारा गडी मिळायचा नाही, आणि मिळालाच तर त्याची मजुरी वजा केल्यावर पेटीमागे फारसं काही उरायचं नाही. हे एकट्या मामाचं रडगाणं नाही. 1990 नंतर रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेतून कोकणभर ज्या बागा उभ्या राहिल्या, त्यांतल्या कितीतरी आता अशाच दाटल्या आहेत.

उंची कमी करायची यावर घरात दुमत नव्हतं. कशी करायची, हा प्रश्न मात्र कुणाला पडलाच नव्हता. पुढे जे घडलं ते दोन कलमांवर घडलं. एक विहिरीकडचं, दुसरं मांगराकडचं, म्हणजे बागेतल्या खोपटाजवळचं. एकाच वर्षी लावलेली, एकाच मातीतली, एकमेकांपासून शंभर पावलांवरची.

अर्ध्या दिवसाचं काम

मे 2018 मध्ये एक लाकूडवाला आला. “काका, पैसे नकोत. उंची कमी करून देतो, लाकूड माझं.” हा सौदा आमच्याकडे नवा नाही. फुकटात काम होतंय म्हणून सगळे खूश असतात, आणि जो माणूस लाकडाच्या वजनावर कमावणार तो जाड फांदीलाच हात घालणार, हे कुणाच्या डोक्यात येत नाही. मामाच्याही आलं नाही.

त्यानं मांगराकडचं कलम आधी घेतलं. मशीन चालवलं आणि सात मुख्य फांद्या 18 फुटांवर एका पातळीत उडवल्या. सांधा कुठे आहे, बाजूची फांदी कुठून निघते, काही पाहिलं नाही. मशीन जिथे पोचलं तिथे काप. एक फांदी अर्धी कापली गेल्यावर आपल्याच वजनानं मोडली आणि जाताना खालची हातभर साल सोलून घेऊन गेली. दुपारी मामी चहा घेऊन आली, वर बघितलं आणि म्हणाली, “अहो, कलम होतं ना हे? विजेचा खांब केलात त्याचा.” मामानं तिथेच काम थांबवलं. बाकीची दहा कलमं वाचली ती मामीच्या त्या वाक्यानं.

ऑगस्टमध्ये मी गेलो तेव्हा सात खुंटांवर सात झुडपं उभी होती. तांबूस, लुसलुशीत पालवी, पावसानं चकचकीत. मामाला हायसं वाटलं, मलाही. मी फोटो काढून ‘बघा कसं तरारलंय’ म्हणून घरच्यांना पाठवले. एका खुंटावरचे धुमारे मोजले तर 57 भरले. आज तो फोटो बघितला की वाटतं, धाप लागलेल्या माणसाचा लाल चेहरा बघून मी त्याला तब्येत सुधारली म्हणत होतो.

झालं होतं असं. फांदीच्या शेंड्यावरचा डोळा खालच्या डोळ्यांना झोपवून ठेवत असतो. शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि खाली उतरत राहतं. त्याचा ओघ चालू आहे तोवर सालीखालचे सुप्त डोळे गप्प असतात. लाकूडवाल्यानं सगळे शेंडे एकाच दिवशी उतरवले. खाली चाळीस वर्षांची मुळं तशीच्या तशी आणि वर पान जवळपास नाहीच. पान नाही म्हणजे रोजचं अन्न नाही. मग झाड खोडात आणि मुळांत साठवलेला स्टार्च बाहेर काढतं आणि जमेल त्या डोळ्यातून पान फोडतं. ते 57 धुमारे म्हणजे जोम नव्हता. ठेव मोडून चाललेला घरखर्च होता.

पुढची तीन वर्षं त्या धुमाऱ्यांकडे कुणी बघितलं नाही. प्रकाशासाठी एकमेकांना रेटत ते काठीसारखे सरळ वर गेले, 12 ते 14 फूट. आंबे नावापुरते. मे 2021 च्या मध्यावर तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यालगतून गेलं आणि मामाचा फोन आला, “मांगराकडचं कलम पुन्हा बोडकं झालं रे.” सातांपैकी चार खुंटांवरचे झुबके उपटल्यासारखे खाली पडले होते. त्याच वाऱ्यात विहिरीकडचं कलम पूर्ण उंचीचं उभं होतं. त्याचे आंबे झडले आणि मनगटाएवढी एक फांदी गेली, बस्स. वाऱ्याला घाबरून ज्याचा शेंडा मारला तेच मोडलं.

चिरून पाहिलं

पडलेला एक धुमारा उलटा करून बुंध्याशी पाहिला. तळ बशीसारखा, खोलगट, जवळजवळ गुळगुळीत. मूळची फांदी अशी कधी निघत नाही, तिला ओढलं तर ती खोडाचे तंतू घेऊन फाटते. कारण ती खोडाबरोबरच वाढलेली असते. तिचा बुंधा थेट गाभ्यापर्यंत गेलेला असतो आणि दर हंगामात खोडाचं नवं लाकूड तिच्याभोवती गुंडाळलं जातं. असा धुमारा मात्र सालीखालच्या अगदी वरच्या थरातून निघतो. भिंत बांधतानाच बसवलेली खुंटी आणि नंतर सिमेंटनं चिकटवलेली खुंटी, एवढा फरक. दुसऱ्या खुंटीवर तीन वर्षांत पाचसहा किलोचं ओझं चढलं होतं आणि तिला शीड लावल्यासारखी पानं होती.

मग एक खुंट उभा चिरून घेतला. वरच्या कापापासून दीड फूट खाली लाकूड तपकिरी, भुसभुशीत, नखानं निघेल असं. त्यात अंगठ्याएवढे बोगदे, भुशानं भरलेले. भिरूड, म्हणजे लाकूड पोखरणारी भुंगेऱ्याची अळी. एक अळी जिवंत होती, पिवळट पांढरी, करंगळीहून लांब, तोंडाशी काळपट. ती बाहेर पडल्यावर मामाच्या कोंबड्यांनी तिचा निकाल लावला.

पण मला थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. कुजलेल्या भागाभोवती काळसर रेघ होती, पेन्सिलीनं मारावी तशी, आणि रेघेच्या पलीकडचं लाकूड स्वच्छ होतं. अमेरिकेच्या वनखात्यात काम केलेल्या अॅलेक्स शायगो यांनी मशीननं हजारो झाडं चिरून हीच रेघ अभ्यासली आणि 1970 च्या दशकात तिची उपपत्ती मांडली. झाडाची जखम भरून येत नाही. आपलं कातडं कापलं तर त्या जागी नवं कातडं येतं. लाकडात ती सोय नाही. झाड बिघडलेल्या भागाला कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत पुढे जातं. हे कोंडणं चार भिंतींचं असतं. उभ्या दिशेची भिंत सगळ्यात कच्ची, कारण पाणी वाहणाऱ्या नळ्या उभ्याच असतात. म्हणून कूज खोडात सरसर खाली उतरते. गाभ्याच्या दिशेची त्याहून बरी, बाजूंची आणखी बरी. सगळ्यात भक्कम भिंत म्हणजे जखमेनंतर वाढलेल्या नव्या लाकडाची हद्द. आत झाड पोकळ होत गेलं तरी या हद्दीबाहेर कूज सहसा जात नाही, नवी जखम होत नाही तोवर.

खुंट ठेवला की ही भिंत बांधायची जागाच झाडाच्या हातून जाते. खुंटाच्या टोकाला पान नसतं, मग तिथवर अन्न कोण नेणार? टोक वाळतं, साल सुटते, पावसाळ्यात भिरुडाचा भुंगेरा तिथे अंडी घालतो. आमच्या सात खुंटांपैकी पाचांत भुसा होता.

मान

ऑक्टोबर 2021 मध्ये विहिरीकडचं कलम घेतलं. लोक आंबा उतरला की जूनमध्ये छाटतात, तेव्हा गडी मोकळे असतात म्हणून. पण भुंगेरे बाहेर पडतात तेही तेव्हाच, आणि ओल्या फांदीवर माणसाला चढवणं मला पटत नाही. पाऊस परतल्यावरचे पंधरा दिवस बरे.

मामाचा आक्षेप रास्त होता. “आता कापलंस तर त्या फांदीवर मोहोर कुठून येणार?” येणार नव्हताच. आंब्याचा मोहोर काडीच्या टोकाला येतो, आणि त्यासाठी ती काडी काही महिन्यांची, पिकलेली लागते. नोव्हेंबरात फुटलेली पालवी जानेवारीत मोहोर देत नाही. म्हणून काम तीन ऑक्टोबरांत वाटलं. दर वर्षी एकूण पानांच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त काढायचं नाही, म्हणजे उरलेल्या फांद्या आंबाही देतील आणि झाडाला पोसतीलही.

चढायला शेजारच्या वाडीतले काका आले, साठी ओलांडलेले. मशीन वर न्यायला त्यांनी साफ नकार दिला. करवत, दोर, कोयती. पहिल्या वर्षीचं काम मधल्या उभ्या फांदीचं होतं, 11 इंच जाड, सगळा प्रकाश अडवणारी. काकांनी फांदी खोडाला मिळते तिथे तळवा फिरवला, म्हशीच्या मानेवरून फिरवावा तसा, आणि म्हणाले, “भाऊ, इथं मान संपते. हिच्यात करवत घालायची नाही.” पुस्तकात याला कॉलर म्हणतात. मी त्या दिवसापासून मान म्हणतो.

मान ओळखायला दोन खुणा आहेत. फांदीच्या बगलेत, वरच्या बाजूला, सालीची सुरकुतलेली वळी उठलेली असते. खालच्या बाजूला फांदी खोडात शिरताना किंचित फुगते. काप वळीच्या बाहेरून सुरू करून खालच्या फुगवट्याच्या बाहेर उतरवायचा. तो बहुधा तिरका येतो. मानेतलं लाकूड खोडाचं असतं, फांदीचं नसतं, आणि भिंत उभी करायची शिबंदी तिथेच असते.

एवढी जड फांदी एका कापात घेतली तर ती साल ओरबाडणार, मांगराकडे घडलं तसं. काकांनी मानेपासून फूटभर पुढे खालून करवत चालवली, जाडीच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. मग आणखी चार बोटं पुढे जाऊन वरून. फांदी कडकन मोडली, दोरावर लोंबकळली आणि हळूहळू खाली आली. उरलेला फूटभर ठोंब, ज्याला आता वजनच नव्हतं, त्यांनी मानेबाहेर सावकाश उतरवला. त्या शेवटच्या कापाला पंचवीस मिनिटं लागली, मध्ये एक विडी धरून.

त्याच दिवशी दोन बांडगुळं काढली. बांडगूळ नुसतं खुडून काही होत नाही, त्याची मुळं फांदीच्या लाकडात पसरलेली असतात. त्याच्या गाठीच्या दीड फूट अलीकडे फांदी जिथे दुसऱ्या फांदीला मिळते तिथपर्यंत मागे गेलो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी उंची उतरवली. उंच फांदी मधेच तोडायची नाही, तिच्यावरून बाहेर निघणारी एखादी फांदी शोधायची आणि तिच्या सांध्याशी कापायचं. ती फांदी कापलेल्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची हवी. तेवढी असली तर ती नवा शेंडा म्हणून कारभार हाती घेते, तिच्याकडून ऑक्सिन उतरत राहतं आणि खालचे डोळे फार गलका करत नाहीत. मी मोजत होतोच. अशा एकेका कापाखाली सहा, नऊ, फार तर अकरा धुमारे आले. मांगराकडचे 57 आठवा.

मोठ्या कापांवर बोर्डो पेस्ट लावली. 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या बादलीत अर्ध्या अर्ध्या पाण्यात विरघळवून मग एकत्र. लोखंडी खिळा बुडवून बघायचा, त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. पेस्टनं जखम लवकर झाकली जाते असं मला वाटत नाही, तसा पुरावाही माझ्या कापांवर दिसला नाही. कोकणच्या पावसात बुरशीला आणि भुंगेऱ्याला पहिलं वर्ष थोडं लांब ठेवते, एवढ्यासाठी लावायची.

माझा काप

2021 मध्ये एक मनगटाएवढी फांदी मीच कापली, जमिनीवरून हाताला येणारी. छान, खोडाला घासून, सपाट. हात फिरवला तर कळणारही नाही की इथे फांदी होती. काका काही बोलले नाहीत, बघून पुढे गेले.

2023 च्या पावसाळ्यानंतर त्यांच्या कापाभोवती नव्या लाकडाची गोल कडा उठली होती, कडबोळ्यासारखी, चारी बाजूंनी सारखी. माझ्या कापाला डाव्या-उजव्या बाजूला दोन ओठ आले आणि वर-खाली उघडंच राहिलं, एखाद्या उभ्या डोळ्यासारखं. घासून कापताना मान गेली होती. खालच्या टोकाशी साल तडकली आहे आणि पावसाळ्यात तिथून काळं पाणी झिरपतं. फांदी मनगटाएवढी, जखम मात्र पंज्याएवढी.

दुसरी चूक उन्हाची. मधली फांदी गेल्यावर जी साल पंचेचाळीस वर्षं सावलीत होती ती उघडी पडली. आम्ही चुना फासला, पण पश्चिमेकडच्या एका आडव्या फांदीची वरची बाजू राहून गेली. एप्रिलपर्यंत तिथली साल भाजून फुटली आणि त्या पावसाळ्यात भिरूड नेमकं तिथेच शिरलं. भोकाबाहेर ताजा भुसा दिसला म्हणून लक्षात आलं. तार आत घालून अळी ओढून काढली, कीटकनाशकाचा बोळा कोंबला, चिखलानं भोक लिंपलं. फांदी वाचली.

धुमारे खुडणं

खरं काम कापल्यानंतरच्या दोन वर्षांत होतं, आणि ते मामानं केलं. धुमारे बोटभर असताना हातानं खुडायचे, खाली दाबून, बुडासकट. कोयतीनं कापले की बूड राहतं आणि एकाचे दोन होतात. सगळे खुडायचे नाहीत. बाहेरच्या दिशेला झुकलेले, एकमेकांपासून वीतभर अंतरावरचे ठेवायचे, मध्यातले ताठ उभे आधी काढायचे. पहिल्या वर्षी सालीवर सावली राहावी म्हणून चार जास्त ठेवले तरी चालतं. मामा दर पंधरा दिवसांनी सकाळच्या चहानंतर शिडी घेऊन जायचा. कल्टार, म्हणजे झाडाची वाढ रोखून मोहोर आणायचं औषध, या काळात दिलं नाही. सावरत असलेल्या झाडाची वाढ औषधानं दाबण्यात मला अर्थ दिसत नव्हता.

इथे माझ्या मताला छेद देणारी एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या पलीकडच्या बागायतदारानं आपली कलमं एकाच ऑक्टोबरात 18 फुटांवर आणली, जवळपास लाकूडवाल्यासारखीच. पण त्यानं दोन वर्षांत पाच वेळा धुमाऱ्यांची विरळणी केली, चुना फासला, भिरुडाचा भुसा दर आठवड्याला शोधला, खतपाणी सोडलं नाही. त्याची कलमं आज आमच्यापेक्षा भराभर सावरलेली आहेत. पहिली दोन वर्षं आंब्याविना काढायची त्याची तयारी होती आणि घरात माणसं होती. मांगराकडच्या कलमाचा घात त्या सात कापांनी जितका केला, तितकाच नंतरच्या तीन वर्षांच्या दुर्लक्षानं केला. लाकूडवाल्याला शिव्या देणं सोपं होतं, ऑगस्टमधला फोटो काढून परत जाणारा मी होतो.

आता

विहिरीकडचं कलम 24 फुटांवर आहे. खाली उन्हाचे कवडसे पडतात, गवत उगवलंय. 2018 ला त्यावर 9 पेट्या झाल्या होत्या. 2025 ला 7. कमीच आहेत, पण त्यांतल्या 5 जमिनीवर उभं राहून झेल्यानं काढल्या, फळ मोठं होतं आणि डागी आंबा हाताच्या बोटांवर मोजावा इतका. हिशेब मामीच्या वहीत आहे, ती म्हणते परवडलं.

मांगराकडचं कलम तोडायचं की ठेवायचं यावर वर्षभर वाद झाला. एक फांदी कुजीच्या खालपर्यंत जाऊन पूर्ण काढली. बाकीच्या खुंटांवर गर्दी दर ऑक्टोबरात थोडी थोडी कमी करत प्रत्येकी दोन-तीन धुमारे ठेवले, त्यांचे शेंडे खुडून खुडून बुटके केले, म्हणजे जाड होतील आणि बुडाशी लाकूड चढेल. काठीनं ठोकलं तर खोड चार फुटांपर्यंत ढब्ब वाजतं. तरी गेल्या वर्षी त्यानं अडीच पेट्या दिल्या.

उत्तरेकडच्या खुंटावर आता दोनच धुमारे उरलेत आणि जागा एकालाच आहे. एक जाड आहे पण आत वळलेला. दुसरा बारीक, बाहेर झुकलेला, त्याच्या बुडाशी सालीची बारीक वळी दिसायला लागली आहे. जाड धुमाऱ्याला मामानं लाल चिंधी बांधली आहे, ठेवायचा म्हणून. बारक्याला मी निळी बांधून आलोय. काका ऑक्टोबरात येतील तेव्हा त्यांना दोन्ही दिसतील.